पंधराव्या भूमीतला गड

"वर कायले जाता जी एवढ्या उन्हाचे? वर पानी नाई."

मोहाखाली बसलेल्या बाईंनी हात न थांबवता विचारलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि त्यांचं काम संपत आलं होतं. मोह पहाटे गळतो. फुलं नजरेला पडावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून टाकलेला असतो. त्या काळ्या राखेवर फिकट पिवळी, मण्यांसारखी फुलं विखुरलेली होती आणि बाई ती दोन बोटांनी उचलून टोपलीत टाकत होत्या. एक फूल त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. दाबलं तर चिकट गोड रस येतो. वास मात्र थेट डोक्यात चढतो. टोपली निम्मी भरली होती. एवढ्यासाठी अंधारात घर सोडावं लागतं म्हणाल्या, आणि पुन्हा तोच प्रश्न. वर कायले?

उत्तर सोपं नव्हतं. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, चार संत्री आणि 'वेंदिदाद'च्या भाषांतराच्या झेरॉक्स होत्या. तारीख २१ मार्च, म्हणजे पारशांचा जमशेदी नवरोज. भंडारा जिल्ह्यातल्या एका गोंडकालीन किल्ल्यावर बसून इराणी लोकांच्या आदिभूमीबद्दल वाचायचं, हा बेत सांगायलाही विचित्र वाटतो. आदल्या रात्री तुमसरच्या लॉजमधून एका पारशी स्नेह्यांना नवरोजच्या शुभेच्छा द्यायला फोन केला, तेव्हा ते हसून म्हणाले, "एरानवेज शोधायला लोक अफगाणिस्तानात जातात, तुम्ही तुमसरला कसे?" बाईंना मी एवढंच सांगितलं, किल्ला बघायचाय. त्यांनी मान हलवली. किल्ला बघायला येणारे अधूनमधून येतात, आणि दुपारी तहानलेले खाली उतरतात.

आंबागड तुमसरपासून दहा-पंधरा किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्यांत आहे. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरच्या तुमसर रोडला उतरायचं, तुमसर गावात यायचं आणि तिथून उत्तरेची वाट धरायची. तुमसर ही धानाची मोठी बाजारपेठ. तुमसर रोडवरून तिरोडीकडे जाणारा रेल्वेचा फाटा मँगनीजचा. चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणी याच भागातल्या. रस्त्यात धान कापून मोकळी झालेली बांध्यांची शेतं, मधेच एखादी बोडी, तिच्यात तळाशी राहिलेलं पाणी आणि त्यात पोटापर्यंत बुडालेल्या म्हशी. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. त्याच जिल्ह्यातल्या या गडाची कुप्रसिद्धी मात्र पाण्यामुळेच आहे. त्याकडे पुढे येऊच.

आता त्या झेरॉक्सबद्दल. झरथुष्ट्री धर्मग्रंथ अवेस्ता. त्याचा एक भाग वेंदिदाद, मूळ नाव 'वीदएवदात', म्हणजे दएवांविरुद्धचा कायदा. आपले देव त्यांच्याकडे दएव होऊन दुष्टांच्या गोटात बसले आहेत आणि आपला असुर तिकडे 'अहुर' होऊन परमेश्वरपदी. एकाच घरातून फुटलेल्या दोन भावांनी एकमेकांच्या देव्हाऱ्याला नावं ठेवावीत, तसा हा प्रकार. वेंदिदादचे २२ अध्याय आहेत, त्यांना फर्गर्द म्हणतात. संपूर्ण वेंदिदाद म्हणण्याचा विधी अग्यारीत आजही मध्यरात्रीनंतर होतो. पहिल्या फर्गर्दमध्ये अहुरमज्द झरथुष्ट्राला आपण घडवलेल्या १६ भूमी एकामागून एक सांगतो. त्यातली पहिली आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे 'ऐर्यनेम वएजह'. पहलवी भाषेत तिचंच झालं एरानवेज.

या नावातल्या 'वएजह'चा अर्थ काय, यावर पंडितांची डोकी फुटली आहेत. जुन्या पिढीतल्या काहींना त्यात संस्कृतचं 'बीज' दिसलं, म्हणजे आर्यांचं बीजस्थान. नंतरच्यांना वेग, प्रवाह, पसरलेला मुलूख असा अर्थ जवळचा वाटला. त्या भूमीतून एक नदी वाहते, तिचं नाव वंगुही दाइत्या. मराठी माणूस 'दाइत्या' ऐकून दचकतो. पण अवेस्ती भाषेत तो शब्द 'नियमाला धरून असलेली' अशा अर्थाचा आहे, आपल्या दितीपुत्र दैत्यांशी त्याचा संबंध नाही. 'वंगुही' मात्र आपल्या ओळखीची: वेदातली 'वस्वी', चांगली. संस्कृतातल्या 'स'चा तिकडे 'ह' होतो. सिंधूचा हिंदू झाला तो असाच. सप्ताचं 'हप्त' झालं, आणि सात दिवसांचा फारसी 'हफ्ता' मराठीत येऊन सोसायटीच्या कर्जापासून गल्लीतल्या दादापर्यंत सगळीकडे वसूल होऊ लागला.

पायऱ्या चढायला लागलो तसा घाम फुटला. दोन्ही बाजूंना साग आणि पळस. पळसाची फुलं सरत आलेली, सागाला पान नाही. सावलीचं नाव नको. म्हणून अर्ध्या वाटेवर एका दगडावर टेकलो आणि पहिल्या फर्गर्दची पानं काढली.

ही यादी वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. अहुरमज्द एकेक उत्तम भूमी घडवतो आणि प्रत्येक वेळी अंग्रमैन्यू, म्हणजे दुष्ट शक्ती, तिथे एक पीडा सोडतो. मौरू, बाख्धी, हरोयू ही आजची मर्व, बल्ख, हेरात. हरह्वैती म्हणजे ध्वनीनं आपली सरस्वती, जागेनं कंदाहारकडचा मुलूख. हएतुमंत म्हणजे हेलमंद. कुणाच्या वाट्याला मुंग्या, कुणाच्या वाट्याला जादूटोणा, कुठे अश्रद्धा, कुठे प्रेतं पुरण्याचं पाप. आणि पहिल्या, उत्तमोत्तम ऐर्यनेम वएजहला काय मिळालं? नदीतला साप आणि दएवांनी निर्माण केलेला हिवाळा. तिथे १० महिने हिवाळा आणि २ महिने उन्हाळा, आणि ते दोनही महिने पाण्याला, जमिनीला, झाडांना थंडच.

म्हणजे ही आदिभूमी नंदनवन नव्हे. मला हे फार आवडतं. मूळ गाव सोडून आलेली माणसं मूळ गावाचं वर्णन करताना सहसा आंबे, विहीर आणि आजी एवढंच सांगतात. इथे सांगणारा पहिल्याच दमात थंडी सांगून टाकतो.

यादीत पंधरावी भूमी आहे हप्त हेंदू, वेदातले सप्तसिंधू. तिला मिळालेल्या पीडांत एक आहे फाजील ऊन. आता हप्त हेंदू म्हणजे सिंधू आणि तिच्या उपनद्यांचा टापू. भूगोलाच्या काटेकोर हिशेबात वैनगंगेच्या खोऱ्यातला भंडारा जिल्हा तिच्यात बसत नाही. पण ऊन बसतं. अजून वैशाख दूर होता, तरी दगड असा तापला होता की बसवेना. अंग्रमैन्यूनं आपलं काम इकडेही चोख केलं होतं.

गडाचा दरवाजा आला. तट, बुरूज, आत पडक्या इमारती, त्यांच्यावर चढलेल्या वेली. सह्याद्रीतल्या किल्ल्यांना सरावलेल्या डोळ्यांना इथली शांतता वेगळी वाटते. ढोल-ताशे नाहीत, भगवा नाही, शाळेची सहल नाही. हा किल्ला इ.स. १७०० च्या सुमारास राजा खान पठाण यानं बांधला. तो देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार. देवगड म्हणजे आजच्या छिंदवाडा जिल्ह्यातलं. बख्त बुलंद गादीच्या भांडणात औरंगजेबाकडे गेला, इस्लाम स्वीकारला, हा किताब घेऊन परतला आणि नंतर औरंगजेबाच्याच मुलखात धुमाकूळ घालू लागला. नागपूर वसवलं ते यानंच. पुढे गोंडांच्या घरगुती कलहात मध्यस्थ म्हणून आलेले रघूजी भोसले इथलेच धनी झाले आणि आंबागड भोसल्यांकडे गेला. त्यांनी त्याचा तुरुंग केला.

आणि इथेच ती विहीर येते. भोसल्यांच्या काळात इथल्या कैद्यांना किल्ल्यातल्या साचलेल्या, विषारी पाण्याच्या विहिरीचं पाणी प्यायला लावत आणि ते त्यानं मरत, अशी दंतकथा आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनंही ती नोंदवली. दंतकथा म्हणून ऐकावी. तरी विहिरीच्या काठावर उभं राहून खाली वाकलं की हिरवट अंधार दिसतो आणि हात आपोआप पिशवीतल्या बाटलीकडे जातो.

तटाच्या सावलीचा एक पट्टा सापडला. तिथे बसून दुसरा फर्गर्द उघडला. नवरोजचा खरा संबंध याच्याशी.

यात यिम येतो, विवंघ्वंताचा मुलगा. वेदात विवस्वानाचा मुलगा यम. तोच हा. तिकडे त्याला 'ख्शएत', तेजस्वी, हे विशेषण लागलं आणि यिम ख्शएतचा कालांतरानं जमशेद झाला. आपण यमाला रेड्यावर बसवून दक्षिणेला पाठवलं, पारशांनी त्याच्या नावानं वर्षाचा सण केला आणि मुलांची नावं ठेवली. त्याच नावाच्या जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. विदर्भाचा कापूस सूत होऊन बाहेर पडू लागला तो यमाच्या नावाच्या माणसाच्या गिरणीतून, हे नागपूरकरांना कुणी सांगत नाही.

वेंदिदादमधला यिम ऐर्यनेम वएजहमध्ये राज्य करत असतो. ना थंडी, ना मरण. माणसं, गुरं इतकी वाढतात की तीन वेळा पृथ्वी ताणून मोठी करावी लागते. मग अहुरमज्द त्याला बजावतो की भयंकर हिवाळा येतो आहे, बर्फ पडणार आहे, तू एक 'वर' बांध. वर म्हणजे आवार, कोट. चारी बाजूंना घोड्याच्या एका दौडीएवढं लांब. त्यात उत्तमातल्या उत्तम स्त्री-पुरुषांचं, गुरांचं, झाडांचं बीज आणि लाल ज्वाळांचा अग्नी नेऊन ठेव. पाणी वाहतं असू दे. दार आणि आतून उजळणारी खिडकी कर. यिम विचारतो, हे बांधू कसं? उत्तर मिळतं: माती टाचेनं तुडव, हातानं मळ, कुंभार मळतो तशी. इतकं घरगुती उत्तर परमेश्वराकडून क्वचितच येतं.

त्या वरात राहणाऱ्यांना तारे, चंद्र, सूर्य वर्षातून एकदाच उगवताना आणि मावळताना दिसतात आणि एक वर्ष त्यांना एका दिवसासारखं वाटतं, असं तिथे म्हटलं आहे. हे एक वाक्य पुण्यातल्या एका वाचकानं हेरलं.

लोकमान्य टिळक १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात १८ महिन्यांच्या शिक्षेवर तुरुंगात गेले. 'ओरायन' हे वेदांच्या काळनिर्णयावरचं त्यांचं पुस्तक १८९३ मध्ये आलं होतं आणि युरोपातल्या पंडितांना ते माहीत होतं. मॅक्समुल्लरनं तुरुंगात त्यांना ऋग्वेदाची प्रत पाठवली. १८९८ मध्ये मुदतीआधी सुटका झाली. कैदेत घोळवलेल्या विचारांचं पुस्तक १९०३ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालं: 'द आर्क्टिक होम इन द वेदाज'. आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं, हा त्याचा सिद्धान्त. अवेस्त्याच्या पुराव्याला त्यांनी एक पूर्ण प्रकरण दिलं. वर्षातून एकदाच सूर्योदय कुठे होतो? ध्रुवावर. दहा महिने हिवाळा म्हणजे काय? हिमयुग आलं, घर गोठलं, माणसं निघाली. पहलवी टीकाकारांनी त्याच भूमीबद्दल ७ महिने उन्हाळा, ५ महिने हिवाळा असंही लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या कुणी या विसंगतीपुढे हात टेकले असते. टिळकांनी ती हिमयुगाआधीच्या हवामानाची साक्ष म्हणून उभी केली. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाचं काम.

या पुस्तकाच्या प्रस्तावनेत टिळकांनी दोघांचे आभार मानले आहेत ते बघण्यासारखे आहेत. जर्मन पंडितांची मतं समजावून दिल्याबद्दल डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे आणि अवेस्त्यातल्या उताऱ्यांची बिनचूक माहिती पुरवल्याबद्दल दख्खनच्या पारशांचे मुख्य धर्मगुरू दस्तूर होशंग जामास्प यांचे. म्हणजे वैदिक आर्यांचं घर शोधायला निघालेला चित्पावन पुण्यातल्या पुण्यात दस्तुरांकडे गेला होता. याच दस्तूर होशंगांनी पुढे वेंदिदादची पहलवी भाषांतरासह आवृत्ती संपादित केली, ती १९०७ मध्ये मुंबईत निघाली. पुण्याच्या इतिहासात टिळक-आगरकर, टिळक-गोखले या जोड्या पाठ असतात. टिळक-दस्तूर ही जोडी कुणाला आठवत नाही.

सिद्धान्त टिकला नाही. अवेस्ता आणि ऋग्वेद यांच्या भाषा इतक्या जवळच्या आहेत की त्यांची ताटातूट टिळकांना हवी तशी दहा हजार वर्षांपूर्वी ढकलता येत नाही. अभ्यासक ती साधारण चार हजार वर्षांच्या आसपास मानतात. हिमयुगाआधी ध्रुवाजवळ नांदणाऱ्या आर्यांचा मागमूसही नाही. शिवाय दहा महिन्यांच्या हिवाळ्यासाठी ध्रुवापर्यंत जायला नको, बामियानच्या पठारावर किंवा पामीरच्या दऱ्यांत एक वर्ष काढलं तरी पुरे. एरानवेजची जागा म्हणून मध्ययुगीन 'बुंदहिश्न' अझरबैजानकडे बोट दाखवतं. जर्मन पंडित मार्क्वार्टनं १९०१ मध्ये अरल समुद्राजवळचं ख्वारेज्म सांगितलं. इटलीचे न्योली हिंदुकुशाकडे वळले. विट्झेल यांनी २००० साली अफगाणिस्तानच्या मधल्या डोंगराळ पट्ट्याच्या बाजूनं मत दिलं. मला शेवटची दोन पटतात. यादीतल्या ओळखता येणाऱ्या बहुतेक भूमी आजच्या अफगाणिस्तानाभोवती गोळा झाल्या आहेत. पहिलीच तेवढी हजारो कोस दूर उत्तरेला कशाला असेल?

आदिभूमीचा वाद मराठी मुलखात कधीच नुसता भूगोलाचा नव्हता. १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त जोतीराव फुल्यांनी ब्राह्मणांचे पूर्वज इराणाकडून आले असं मांडलं आणि त्यावर सगळा युक्तिवाद उभारला: तुम्ही आलेले, आम्ही इथले. तीस वर्षांनी टिळक आर्यांना ध्रुवावरून आणतात. १९१५ मध्ये पुण्याचेच नारायण भवानराव पावगी उत्तर देतात की छे, आर्य सप्तसिंधूंतलेच, इथूनच ते बाहेर गेले. आणि १९४६ मध्ये 'हू वेअर द शूद्राज?' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकर टिळकांना एकच प्रश्न विचारतात: वैदिक आर्यांचं सगळं जीवन घोड्याभोवती फिरतं, तर ध्रुवप्रदेशात घोडा होता का? तारे, पहाटा, हिमयुगं एका बाजूला आणि घोडा दुसऱ्या बाजूला. मला तरी घोडा जड वाटतो.

बाबासाहेबांचं या जिल्ह्याशी एक जुनं नातं आहे. १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी भंडाऱ्यातून लढवली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. ते हरले.

दुपारचा एक वाजला. एक बाटली संपली होती. संत्री सोलून खाल्ली, सालं पिशवीत घातली. तटावरून उत्तरेला डोंगरांच्या रांगा दिसत होत्या, धुरकट, एकामागे एक. त्यांच्यापलीकडे मध्य प्रदेश. पूर्वेला सपाट धानपट्टा. त्याच दिशेला, जुन्या जिल्ह्याच्या पार टोकाला, दुसरी एक आदिभूमी आहे आणि तिला रेल्वे जाते.

कचारगड. सालेकसा तालुक्यातलं, दरेकसा स्टेशनाजवळचं. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत ते भंडारा जिल्ह्यातच होतं. गोंड समाजाच्या श्रद्धेप्रमाणे त्यांचे आदिदेव इथल्या गुहेतून बाहेर आले. माता काली कंकालीची ३३ मुलं शंभूनं गुहेत कोंडली आणि तोंडावर भलामोठा दगड लावला. जंगो रायताडच्या आणि पारी कुपार लिंगोच्या प्रयत्नांनी हिरासुका पाटालीर नावाचा वादक आला. त्याच्या किंगरीच्या सुरांनी आतल्या मुलांना बळ चढलं, त्यांनी दगड लोटला, आणि तोच दगड अंगावर येऊन हिरासुका गेला. लिंगोनं त्या मुलांना कुळं वाटून दिली, नातीगोती ठरवून दिली. त्यातून कोया पुनेम हा गोंडांचा धर्म उभा राहिला.

या कथेची एक लांबलचक गीतरूप आवृत्ती नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंड प्रधानांकडून उतरवून घेतली. हिस्लॉप १८६३ मध्ये एका ओढ्याच्या पुरात बुडून गेले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. तिच्यात गुहा आहे धवलगिरीवर, महादेव तिच्या तोंडावर सोळा हात लांब दगड ठेवतो, आणि निसटलेले चौघे काचीकोपा लोहागडला जाऊन राहतात. काचीकोपा लोहागड कुठे? कुणी म्हणतं पचमढी. गोंड भाविक म्हणतात कचारगड. पंडित वाद घालतात, भाविक माघ पौर्णिमेला तिथे जाऊन येतात. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, सगळीकडून.

एका कथेत यिम माणसांना कोटात नेऊन वाचवतो, दुसरीत लिंगो त्यांना गुहेतून बाहेर काढतो. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मी मुळीच म्हणत नाही. असल्या साम्यांवर पुस्तकं लिहिणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. मला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. गोंडांना आपली आदिभूमी कुठे आहे हे ठाऊक आहे, तिथे चप्पल काढून आत जाता येतं. पारशांना आपली आदिभूमी पाठ आहे, पण जागा गेली. त्यांनी अग्नी तेवढा नेला. संजाण हे त्यांचं गुजरातेतलं ठाणं पडल्यावर आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बहरोटच्या डोंगरावर, तिथल्या गुहांत, हा इराणशाह अग्नी बारा वर्षं लपवून ठेवला होता असं १६०० च्या सुमारास लिहिलेला 'किस्सा-इ-संजाण' सांगतो. पुढे वांसदा, नवसारी असं करत १७४२ मध्ये तो उदवाड्याला पोचला. तोही डोंगर आज महाराष्ट्रात आहे.

पहिल्या फर्गर्दच्या सुरुवातीला, भूमींची यादी सांगण्याआधी, अहुरमज्द झरथुष्ट्राला एक गोष्ट सांगतो. ती मी मुद्दाम मागे ठेवली होती. तो म्हणतो, मी प्रत्येक भूमी तिथल्या माणसांना प्रिय करून ठेवली, मग तिच्यात गोडी असो वा नसो. तसं केलं नसतं तर सगळं जग उठून ऐर्यनेम वएजहमध्ये लोटलं असतं. एवढं सांगून मग पीडांची यादी सुरू होते. मुंग्या, साप, थंडी, ऊन. आणि तरी कुणी हललेलं नाही, कारण ज्याला त्याला आपलंच बरं वाटतं. देवाची ही युक्ती मला सगळ्या वेंदिदादमध्ये सगळ्यांत हुशार वाटते, आणि आदिभूमीच्या शोधात जन्म घालवणाऱ्या पंडितांपैकी फारच थोड्यांनी तिच्यावर थांबून विचार केलेला दिसतो.

तीनच्या सुमाराला खाली उतरलो. मोहाखाली आता कुणी नव्हतं. बाई गावातल्या पहिल्याच घराच्या अंगणात सापडल्या. सकाळची फुलं चटईवर वाळत घातली होती. दोन-तीन दिवसांत ती आक्रसून तपकिरी होतात, बेदाण्यांसारखी. त्यांनी न विचारता तांब्याभर पाणी दिलं. मडक्यातलं, गार. मी घटाघटा प्यायलो तेव्हा हसल्या. सांगितलं होतं ना.

मुलगा हैदराबादेत बांधकामावर असतो म्हणाल्या. त्याच्याकडे जाऊन आल्या असाल ना, असं मी विचारलं. गेल्या वर्षी गेल्या होत्या. महिनाभर राहायचं ठरलं होतं, आठव्या दिवशी परत आल्या.

"का?"

"तिथं मोहच नाई जी," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पंखा होता."

आंबागडला जायचं असेल तर दिवाळी ते माघ या दिवसांत जा, उन्हाळ्यात गेलातच तर सकाळी नवाच्या आत वर पोचा. माघ पौर्णिमा साधता आली तर तीच गाडी पुढे दरेकशाला थांबते का बघा आणि कचारगडही करून या. पाणी मात्र घरून न्या. गडावर विहीर आहे, पण तिचं पाणी पिऊ नका.